ठरावीक वेळी जाणारे ई-मेल : कोणते साधन निवडावे?

दर सोमवारी अहवालाची आठवण किंवा महिनाअखेरीस हजेरीपत्रकाची मागणी, असे ठरलेले ई-मेल आपोआप जावेत यासाठी साधन निवडताना ते उभे करणे किती सोपे आहे, हेच बहुधा आधी पाहिले जाते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते कोणत्या यंत्रावर आणि कुणाच्या खात्यावरून चालणार आहे.

जीमेलमधील ‘शेड्यूल सेंड’ आणि आउटलुकमधील ‘डिले डिलिव्हरी’ या सोयी एकेका ई-मेलपुरत्याच आहेत. त्यांत पुनरावृत्ती लावता येत नाही. आउटलुकमध्ये आवर्ती रिमाइंडरला मॅक्रो (आउटलुकमध्येच लिहिलेला छोटा कोड) जोडून हे काम साधता येते, पण त्या वेळी संगणक आणि आउटलुक दोन्ही चालू असावे लागतात, शिवाय नव्या आउटलुकमध्ये असे मॅक्रो चालतच नाहीत. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. स्वतःचा सर्व्हर असल्यास क्रॉन (लिनक्ससारख्या प्रणालींत ठरल्या वेळी काम चालवणारे साधन) भरवशाचे आहे. मात्र ठरल्या मिनिटाला यंत्र बंद असेल, तर हुकलेले काम ते नंतर भरून काढत नाही.

खरी निवड उरते ती मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट आणि गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट यांच्यात, कारण दोन्ही क्लाउडवर चालतात आणि आपला संगणक बंद असला तरी त्यांचे काम अडत नाही. पॉवर ऑटोमेटमध्ये कोड न लिहिता ‘रिकरन्स’ ट्रिगर (ठरावीक अंतराने काम आपोआप सुरू करणारी सोय) लावता येतो आणि एक्सेलमधील यादी वाचून प्रत्येकाला वेगळा मजकूर पाठवता येतो. फक्त टाइम झोन आठवणीने निवडावा, अन्यथा वेळ यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, धरली जाते. अ‍ॅप्स स्क्रिप्टसाठी थोडा कोड लिहावा लागतो, पण सुट्टीच्या दिवशी ई-मेल थांबवण्यासारख्या अटी गूगल शीटमधील तारखा पाहून चार ओळींत घालता येतात. तिचा रोजचा ट्रिगर सकाळी 9 ते 10 मध्ये केव्हाही सुटू शकतो, त्यामुळे मिनिटाचा नेमकेपणा हवा असेल तर ती उपयोगाची नाही. वैयक्तिक खात्यावरून दिवसाला 100 प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे, गूगल वर्कस्पेस या कार्यालयीन सेवेच्या खात्यावरून साधारणपणे 1500.

दोन्हींची दुखरी जागा मात्र एकच आहे. पॉवर ऑटोमेटचा फ्लो (त्यात मांडलेली कामांची साखळी) तयार करणाऱ्याच्या कनेक्शनवर, म्हणजे त्याने जोडलेल्या खात्यावर, अवलंबून असतो आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर तर नेहमी तो लावणाऱ्याच्याच खात्यावरून चालतो. बिघाडाची सूचनाही मुख्यतः त्याच व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि खाते बंद झाले, की ई-मेल थांबतात आणि ते थांबल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून कार्यालयात मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर पॉवर ऑटोमेट आणि गूगल वर्कस्पेस असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट घ्यावी, पण दोन्ही बाबतींत मांडणी विभागाच्या सामायिक खात्यावर करावी आणि जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलची प्रत अशा माणसाला पाठवावी, जो ती न आल्यास विचारणा करील.