रील्सचं ॲप काढून आठ महिने झाले: माझा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेकीची शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात मी फोनमधून रील्स आणि स्टोऱ्यांचं ॲप काढून टाकलं. आता फेब्रुवारी आलाय. मधल्या काळात काय सुधारलं, काय तसंच राहिलं आणि कुठे नुकसान झालं, ते लिहून ठेवते आहे. माझ्यासारख्या कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. सकाळी सव्वाआठची स्लो, रात्री पावणेआठपर्यंत घरी. घरात नवरा, सासूबाई आणि बारा वर्षांची लेक. अशा प्रयोगाचे बहुतेक सल्ले सुट्टी काढून गावाला जाऊ शकणाऱ्यांसाठी असतात. माझा सगळा प्रयोग नोकरी, लोकल आणि घर सांभाळून झालाय.

सुरुवातीचा आकडा असा होता: दिवसाला सरासरी ५ तास १० मिनिटं फोन, त्यातले ३ तासांच्या वर हे एकच ॲप. पहाटे साडेपाचला पाणी येतं, त्यामुळे उठणं चुकत नाही. झोपायला मात्र दीड वाजायचा. म्हणजे जेमतेम चार तासांची झोप, आणि ती वर्षभर.

रात्री मी काय बघत होते, ते लिहायला जड जातंय, पण तेच लिहिलं नाही तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही. माहेरची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा खोलीच्या हक्कावरून दादाचं आणि माझं बोलणं बंद झालं. आई त्याच्याकडे असते. मी दादाला फोन करत नव्हते, वहिनीलाही नाही, पण वहिनीच्या स्टोऱ्या रोज रात्री बघत होते. माझ्या नावाने दिसू नये म्हणून लेकीसाठी काढलेल्या एका रिकाम्या अकाउंटवरून. लोणावळ्याची सहल, नव्या घराचा पडदा, आईच्या हातात केकचा तुकडा. आई हसत असली की मला वाटायचं, माझ्याशिवाय हिचं छान चाललंय. नसली हसत तर वाटायचं, हिला कुणी विचारत नाही. दोन्हीकडून मीच रडायची. त्यानंतर झोप येणं शक्यच नसायचं, मग पुढची रील, पुढची रील.

आधी टायमर लावून पाहिला. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक ॲपला वेळ ठरवून देता येते. ती संपली की ॲपचं चित्र राखाडी होतं आणि ते उघडत नाही. मी ४५ मिनिटं लावली होती. दोन गोष्टींमुळे ते फसलं. एक, सेटिंगमध्ये जाऊन टायमर उठवायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: टायमरचा दिवस मध्यरात्री बदलतो. त्यामुळे बारा वाजायची वाट बघत मी जागी राहायला लागले. बाराला नवी ४५ मिनिटं हातात. माझी झोप आधीपेक्षा बिघडली. संध्याकाळी पाहणाऱ्यांना टायमरचा उपयोग होत असेलही, रात्री पाहणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

मग साधा कीपॅडचा फोन घ्यायचा विचार केला. नवऱ्याचा जुना फोन होता, त्यात सिम घालून चार दिवस काढले. ऑफिसचे ओटीपी आले, पण भाजीवालीला यूपीआयने पैसे देता येईनात, लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर नाही, शाळेचा ग्रुप नाही. चौथ्या दिवशी सोडून दिलं. मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला स्मार्टफोन टाळणं जमत नाही, असं माझं मत झालं.

शेवटी टिकलं ते हे: ॲप पूर्ण काढलं, ते रिकामं अकाउंट कायमचं बंद केलं, आणि फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला. क्रॉफर्ड मार्केटजवळून २५० रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं, कारण गजरासाठी म्हणून फोन उशाशी येतो आणि उशाशी आला की उघडतोच. हवं असेल तर ब्राउझरमधून माझं स्वतःचं अकाउंट उघडायचं, तेही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. ब्राउझरमध्ये ते सगळं अडखळत चालतं, पासवर्ड दर वेळी टाकावा लागतो. माझ्यासाठी ती अडचणच औषधासारखी ठरली.

स्क्रीन काळी-पांढरी करून बघा, असं ट्रेनमधल्या एकीने सुचवलं होतं. सेटिंगच्या ॲक्सेसिबिलिटी भागात रंग काढून टाकायची सोय असते. पहिले पंधरा दिवस फरक जाणवला, फोन मरगळलेला वाटायचा. नंतर डोळा सरावला. गणपतीत भाचीने दोन साड्यांचे फोटो पाठवून विचारलं, "मावशी, कुठली घेऊ?" आणि मला दोन्ही राखाडी. नोव्हेंबरपासून रंग परत लावलेत. यात फार काही गमावलं नाही, फार काही मिळालंही नव्हतं.

आता मनाचं काय झालं, ते.

पहिला आठवडा हाताचा होता. कुर्ला आलं की अंगठा आपोआप त्या जागी जायचा जिथे ॲपचं चित्र होतं. तिथे आता कॅलक्युलेटर आलेला, तो कितीदा उघडला त्याला गणती नाही. चिडचिड व्हायची, लेकीवर दोनदा विनाकारण ओरडले. दुसऱ्या आठवड्यात हे कमी झालं. तिसऱ्या आठवड्याची मात्र मला कुणी कल्पना दिली नव्हती. रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात, घर शांत, आणि दादाचं सगळं प्रकरण पूर्ण अंगावर आलं. आधी ते तुकड्यांत येत होतं, एक स्टोरी, मग एक विनोदी रील, मग परत स्टोरी. आता मधे झाकायला काहीच नव्हतं. त्या आठवड्यात मी आधीपेक्षा जास्त रडले. ॲप काढल्यावर लगेच हलकं वाटेल या अपेक्षेने कुणी सुरू करणार असेल, तर त्याने हा आठवडा धरूनच चालावं. मी तेव्हा ॲप परत टाकलं असतं, पण ते रिकामं अकाउंट कायमचं बंद केलेलं होतं म्हणून वाचले.

हे सगळं असं का होतं, ते समजून घ्यायला त्या काळात बरंच वाचलं. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्याच माणसांशी. मला ते शंभर टक्के पटलं. सिनेमातल्या बाईचा बंगला बघून मला कधी काही झालं नाही. वहिनीचा पडदा बघून झालं, कारण तो पडदा माझ्या आईच्या खोलीत होता. आणि सरकवत राहिलं तरी पान संपत नाही, ही रचना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पूर्वी मासिक संपायचं, टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासात आटपायची. इथे थांबायचं कुठे हे मलाच ठरवायचं होतं, आणि ते ठरवायची ताकद रात्री दीड वाजता माझ्यात उरत नव्हती. मी कमकुवत मनाची आहे असं मला वर्षभर वाटत होतं. हे वाचल्यावर ते वाटणं बरंच कमी झालं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना तीन ॲप्ससाठी रोज दहा-दहा मिनिटं, म्हणजे एकूण अर्धा तास ठरवून दिला होता. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झालेली आढळली. दुसरा प्रयोग त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या निवडणुकीआधीचा. लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सुमारे एक तास मोकळा झाला, बरं वाटण्यात सुधारणा झाली पण ती थोडीच होती, आणि बातम्यांची माहिती कमी झाली. माझा अनुभव या दुसऱ्याच्या जवळचा आहे. सुधारणा नक्की झाली, आयुष्य पालटलं नाही. झोप चार तासांवरून साडेसहावर आली, आणि बाकी जे काही सुधारलं त्यातलं निम्मं तरी या झोपेचंच असावं, असं मला वाटतं.

नुकसानही सांगते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची आई ऑगस्टमध्ये गेली. मला वीस दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला म्हणून. गिरगावात तिच्याकडे गेले, तेव्हा गणपतीही उठून गेले होते. ती म्हणाली, "अगं, मी टाकलं होतं ना, तू पाहिलं असशील असं वाटलं." हिला मी एरवी दरवर्षी वाढदिवसाला हार्ट पाठवत होते, फोन मात्र दोन वर्षांत केला नव्हता. त्यानंतर मी बॅचमधल्या दोघींना सांगून ठेवलंय, कुणाकडे काही बरं-वाईट झालं तर मला फोन करा. करतात.

व्हॉट्सॲप ठेवलंय. सोसायटी, शाळा, ऑफिस सगळं तिथेच आहे. पण तिथेही स्टेटस असतं, हे मी विसरले होते. ॲप काढून महिना झाला आणि एका सकाळी दादाच्या स्टेटसचं हिरवं वर्तुळ दिसलं. उघडलं. आषाढीचा आईने केलेला साबुदाण्याचा फोटो होता, फक्त तेवढाच. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी दादाचं स्टेटस म्यूट केलं. त्याच रात्री आईला फोन केला, दोन वर्षांत पहिल्यांदा थेट तिला. साबुदाणा कसा झाला होता एवढंच विचारलं. आई म्हणाली, "भिजला नव्हता नीट." आता रोज सकाळी, स्टेशनवर गाडीची वाट बघताना, दहा मिनिटं आईशी बोलते. आईचा गुडघा, आईची बीपीची गोळी, खालच्या वाण्याचं दुकान बंद झालं, हे सगळं मला आता माहीत असतं. स्टोऱ्यांत यातलं एकही कधी दिसलं नव्हतं.

दादाशी बोलणं अजून नाही. भाऊबीजेला गेले होते, तो घरी नव्हता. वहिनीने चहा केला. पडदा पाहिला, साधाच आहे.

सप्टेंबरमध्ये एक वेगळी गोष्ट लक्षात आली. झोप सुधारली, रडणं कमी झालं, तरी सकाळी उठताना छातीवरचं ओझं जात नव्हतं. स्वयंपाकात मन नाही, कशाची चव नाही. हे फोनमुळे नव्हतं, कारण फोन तर कमी झाला होता. एका रात्री १४४१६ ला फोन लावला. मानसिक त्रासात बोलण्यासाठीची सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. मी महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला गेले, औषध सुरू आहे, नोव्हेंबरपासून चव परत आलीय. फोनची सवय आणि उदासीचा आजार एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक सुटेपर्यंत दुसरा दिसतच नाही. कुणाचं ॲप काढूनही महिना-दोन महिन्यांत ओझं हलत नसेल, तर त्याने स्वतःला दोष देत बसू नये, दाखवून घ्यावं.

ट्रेनचं थोडक्यात. रील नसल्यामुळे मी डब्यातल्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा नीट सामील झाले. दसऱ्याला डबा सजवला, तोरणं मी नेली होती. घाटकोपरला चढणाऱ्या एका काकूंकडून विणकाम शिकतेय. गर्दीच्या दिवशी सुया काढता येत नाहीत, तेव्हा नुसती उभी राहते. नुसतं उभं राहणं आता जड जात नाही.

लेकीचा प्रश्न उरलाय. येत्या जूनमध्ये ती तेराची होईल, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलींची अकाउंटं आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना बंदी आली, ती बातमी तिनेच मला वाचून दाखवली आणि विचारलं, "आपल्याकडे पण होणार का?" माझं माहेरचं मूळ गाव सांगलीकडचं. तिथल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये ठरलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल बंद. तिला ते फार आवडलं. सातला मी लोकलमध्ये असते, म्हणून आम्ही नऊ ते दहा ठरवलं. भोंग्याऐवजी सासूबाई हाक मारतात. नवरा आठवड्यातून दोनदा चुकवतो.

लेकीने एक अट घातलीय. दर रविवारी दोघींनी आपापला स्क्रीन टाइम एकमेकींना दाखवायचा आणि कालनिर्णयावर लिहायचा. तिच्या मते मी सांगते तेवढा कमी फोन बघत नाही. गेल्या रविवारी तिचा आकडा १ तास २० मिनिटं होता, माझा १ तास ५०. तिने तो लाल पेनाने लिहिलाय.