‘अँडॉर’ आणि ‘रोग वन’: काही महिने मुरल्यानंतर

मे २०२५ मध्ये ‘अँडॉर’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेचा दुसरा सीझन संपला तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं जरा मुरू दे. तेव्हापासून दोन्ही सीझनचे मिळून २४ भाग आणि त्यावर मालिकेची गोष्ट जिथे जाऊन पोहोचते तो २०१६ चा सिनेमा ‘रोग वन’, असं सगळं ओळीने परत बघून झालंय. थोडं घरी टीव्हीवर, बरंचसं डोंबिवली फास्टमध्ये मोबाइलवर. पुढे कथा फुटणार आहे, आधीच सांगते.

पहिल्यांदा ही हेरगिरीची गोष्ट वाटते, दुसऱ्यांदा उधारीची वही दिसायला लागते. साम्राज्याविरुद्धच्या बंडात ओढला जाणारा नायक कॅसियन अँडॉर पहिल्याच भागात गयावया करणाऱ्या शिपायाला गोळी घालतो. सिनेमात त्याची ओळख होते तीही स्वतःच्याच खबऱ्याला मारताना. शेवटच्या मोहिमेआधी तो सिनेमाची नायिका जिन हिला सांगतो की बंडासाठी आम्ही नको नको ते केलंय, आता माघार घेतली तर ते सगळं फुकट गेलं. हे नुसता सिनेमा बघताना माझ्या डोक्यावरून गेलं होतं. मालिकेनंतर मात्र त्यातला प्रत्येक खून माहितीचा असतो.

आणि इथे कुणालाच गंगेत न्हाऊ घातलेलं नाही. लोनी हा बंडखोरांचा हेर वर्षानुवर्षं साम्राज्याच्या गोटात राहून बातम्या पुरवतो, शेवटी डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या यंत्राची खबर आणून देतो, आणि बंडाचा सूत्रधार लूथन त्यालाच संपवतो. परत बघताना लूथनचा राग जास्तच आला.

पहिल्या सीझनमध्ये कॅसियन जिथे अडकतो तो नार्किनाचा तुरुंग मी अण्णांबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, पाहिला. ते लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पडलेच. एरवी अंतराळबिंतराळ लावलं की उठून जातात. इथे सात-सात जणांची सात टेबलं, बारा तासांची पाळी, मागे पडलेल्या टेबलाला विजेचा झटका, असं दिसल्यावर बसले. बाकीच्यांकडून काम करून घेणारा कैदी किनो लॉय याला बघून म्हणाले, “हा मुकादम. हा शेवटपर्यंत मालकाचाच.” पण शिक्षा भरलेला माणूस सुटत नाही, दुसऱ्या मजल्यावर जुंपला जातो, हे कळल्यावर हाच मुकादम पाच हजार कैद्यांना उठवतो. सगळे पाण्यात उड्या मारतात आणि काठावर तो सांगतो की त्याला पोहता येत नाही. “मग पुढे काय झालं त्याचं?” अण्णांनी दोनदा विचारलं. मालिका ते सांगतच नाही.

पहिला सीझन संपल्यावर नावांची पाटी सरकते, तिच्यानंतरचा तुकडा चुकवू नका. तुरुंगात कैद्यांनी घडवलेले सुटे भाग डेथ स्टारला बसताना दिसतात. सिनेमाच्या शेवटी स्कॅरिफ ग्रहावर कॅसियनचा जीव त्याच यंत्राने जातो.

आता कुरकुरी. रात्रीचे प्रसंग मोबाइलवर निव्वळ काळोख, त्यात खिडकीतून ऊन आलं की संपलंच. दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांनी एक वर्ष उडी मारतं, त्यात माणसं हातातून निसटतात. सिनेमाचा पहिला अर्धा तास या ग्रहावरून त्या ग्रहावर नुसती पळापळ. साम्राज्याची नोकरी सोडून आलेला वैमानिक बोधी तर पापक्षालनाचा सगळ्यात सरळ माणूस, त्याला आणखी जागा हवी होती.

तीन-तीन भाग एका बैठकीत बघा, बेत तसाच बांधलाय. सिनेमा शेवटी. पहिल्या सीझनचे आठ ते दहा लोकलमध्ये नकोत, माझं स्टेशन गेलं. पाचपैकी चार. एक कापला तो कॅसियनची मैत्रीण बिक्स हिच्यासाठी, तिच्या वाट्याला सोसण्यापलीकडे फारसं काही ठेवलेलंच नाही.