टू-वे टॉवर घरी करताय? कागदी कोन की ॲल्युमिनियम, फर्स्ट ऑर्डर की फोर्थ

टू-वे टॉवर म्हणजे दोन ड्रायव्हरचा उंच स्पीकर. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांना एक इंची डोमचा ट्विटर, १८ मिमी प्लायचं केबिनेट इथपर्यंत तुमचं ठरलं असेल असं धरून चालतो. पोर्ट (बॉक्सची हवेची नळी) किती लांब, बॉक्स किती लिटरचा, ते सिम्युलेशनमध्ये कळतं. अडतं ते पुढे, कारण वूफरचा कोन (हलणारा पडदा) कुठला घ्यायचा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट, कसा करायचा हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण ते एकच आहेत, आणि मी ते वेगळे धरले म्हणून माझं जवळपास वर्ष गेलं.

आधी रेडीमेड क्रॉसओव्हरचं सांगून टाकतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत तयार बोर्ड मिळतो, त्यावर एक फ्रिक्वेन्सी छापलेली असते. तो आकडा सरळ ८ ओहमचा रेझिस्टर जोडला तर खरा. तुमच्या ट्विटरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) त्याच्या रेझोनन्सला, म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक कंपनाला, चांगलाच वर जातो, वूफरचा कॉइलमुळे वरच्या पट्टीत चढत जातो, म्हणजे छापलेलं ३००० आणि प्रत्यक्षात होतं ते यांचा फारसा संबंध राहत नाही. वर बॅफल स्टेपचा, म्हणजे बॅफलच्या (पुढच्या फळीच्या) रुंदीमुळे खालचे सूर कमी पडतात त्याचा, हिशोब त्यात नसतोच. माझा बॅफल २१ सेंमी रुंद आहे, ठोकताळ्याने ११५ भागिले मीटरमधली रुंदी ०.२१ केलं की ५५० हर्ट्झच्या आसपास येतं, त्याच्या खाली आवाज बॉक्सला वळसा घालून मागे जातो आणि गाणं बारीक, कोरडं लागतं. तेव्हा बोर्ड नकोच, यावर मला तरी शंका नाही.

आता कोन. ॲल्युमिनियमची जोडी मित्राकडून महिनाभर आणली होती. खरं सांगतो, तबल्याच्या चाटीची धार, सतारीच्या तारेवर नखी लागते तो क्षण, कागदी कोनात इतका स्वच्छ मी ऐकला नव्हता. पण धातूचा कोन वर कुठेतरी घंटेसारखा वाजतो, या मापाच्या कोनात बहुधा पाच हजार हर्ट्झच्या वर, आणि ते शिखर क्रॉसओव्हरने दाबावंच लागतं, नुसता उतार पुरत नाही, बऱ्याचदा तेवढीच पट्टी कापणारा नॉच फिल्टर लागतो. शिवाय दोन हजारच्या सुराचं तिसरं हार्मॉनिक (तिप्पट कंपनाचा उपसूर) सहा हजारला पडतं, म्हणजे नेमकं त्या शिखरावर, त्यामुळे क्रॉसओव्हर खाली ओढावा लागतो आणि मग ट्विटर तगडा हवा. म्हणजे कोन बदलला की सगळंच बदललं. कागदी कोन वर जाताना हळूहळू सुटत जातो, थोडा खडबडीत पण समजूतदारपणे. हार्मोनियमची भरलेली पट्टी त्यावर तासभर ऐकली तरी कान दमत नाही, हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकेल. इंडोनेशियाची एसबी अकूस्टिक्स एकाच मापात कागदी आणि ॲल्युमिनियम दोन्ही देते, शक्य असेल तर दोन्ही कुठेतरी ऐकून बघा.

आणि आता क्रॉसओव्हर, ज्याच्यावर माझं सगळं ठरलं.

पहिला केला तो फर्स्ट ऑर्डर, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला एकच पार्ट, उतार सगळ्यात मंद. वूफरला ०.५ मिलीहेन्रीची एक कॉइल, ट्विटरला ७.५ मायक्रोफॅरड. ही ७.५ म्हणजे सिलिंग फॅनचे २.५ चे तीन कपॅसिटर समांतर जोडलेले, ते पॉलीप्रॉपिलीनचेच असतात आणि स्वस्तात मस्त काम करतात. कॉइलसाठी १८ गेजची तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून किलोवर आणली. दोन पार्ट, कमीत कमी फेज (लाटेची वेळ) फिरणं, ऐकायला मोकळं. सोफ्यावर बसून मी खूष होतो.

मग एक दिवस आई स्पीकरसमोर चटईवर मटार सोलत बसली होती, अभंग चालू होता, आणि ती म्हणाली, "अरे, हे कपाटात बसून गातायत का?" मी सोफ्यावरून म्हटलं, "नाही गं, छान येतंय." उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि खरंच, आवाजातला पुढचा भागच गायब, शब्द बोथट. परत सोफ्यावर, ठीक. पिंक नॉइज (सगळे सूर असलेली चाचणीची खरखर) लावून हळूहळू खाली वाकत गेलो तर आवाजाचा रंग बदलताना स्पष्ट ऐकू येत होता.

कारण साधं आहे. फर्स्ट ऑर्डरमध्ये वूफर आणि ट्विटर क्रॉसओव्हरला ९० अंश फेजने वेगळे असतात. दोघांच्या केंद्रांमध्ये १७ सेंमी अंतर आणि क्रॉसओव्हर २५०० ला असेल तर आवाजाच्या लाटेची लांबी जेमतेम १३.७ सेंमी, म्हणजे कान अक्षापासून वर किंवा खाली साधारण १२ अंश सरकला की एका बाजूला खड्डा, म्हणजे दोघांचा आवाज एकमेकांना खातो. दीड मीटरवर हे फक्त ३० सेंमी होतात! वूफरचा आवाज थोडा मागून निघतो त्यामुळे खड्डा नेमका कुठे पडेल ते प्रत्येक बॉक्समध्ये बदलतं, ट्विटरच्या वायरी उलटवल्या की तो बाजू बदलतो, पण जात नाही. माझा ट्विटर ९५ सेंमीवर, सोफ्यावर कान तेवढ्याच उंचीला, आणि चटईवर आईचा कान ७२ वर. आपल्या घरात निम्मी माणसं खालीच बसतात, पाहुणे आले की सगळे. एकाच खुर्चीवर बसून ऐकणाऱ्यासाठी हे चालून जाईल, मला ते सलत राहिलं.

म्हणून फोर्थ ऑर्डर लिंकविट्झ-राइली, उतार बराच तीव्र. लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये हा विषय मांडला तो याचसाठी, दोन्ही ड्रायव्हर क्रॉसओव्हरला एकाच फेजमध्ये, मुख्य लोब (आवाजाचा झोत) सरळ समोर. त्याच मापात पहिला खड्डा २४ अंशांवर जातो, दुप्पट. आणि घाबरू नका, चारही ऑर्डर पार्टमधून काढायच्या नसतात, ड्रायव्हरचा स्वतःचा उतार त्यात धरायचा, बहुतेक वेळा प्रत्येक बाजूला एक कॉइल, एक कपॅसिटर आणि ट्विटरला रेझिस्टर एवढ्यावर भागतं. वूफरची कॉइल मोठी घेतली की बॅफल स्टेपही त्यातच सुधारते. फक्त माप घ्यावं लागतं, मापाचा माइक, आरईडब्ल्यू आणि विटुइक्सकॅड, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. जुळलं का ते बघायला ट्विटर उलटा जोडा, क्रॉसओव्हरला खोल खड्डा पडला की समजायचं जुळलं, मग परत सरळ करा. दोन कॉइल शेजारी चिकटवू नका, एक आडवी एक उभी ठेवा.

यात काही गमावलं का? थोडं, हो. फर्स्ट ऑर्डरचा तो मोकळेपणा मला अजून आठवतो. पण त्यात आवाज वाढवला की ट्विटर चरचरायचा, १००० हर्ट्झलाही त्याच्याकडे बरंच काही जात होतं, आणि ॲल्युमिनियम कोनाबरोबर तर ती ऑर्डर वापरूच नये असं मी म्हणेन, शिखर उघडंच राहतं.

मापाचा माइक, वेळ आणि चांगला ट्विटर असेल तर ॲल्युमिनियम नक्की करा, मी अडवणार नाही. पहिलाच टॉवर असेल आणि घरात खाली बसून ऐकणारं कोणी असेल तर कागदी कोन, सॉफ्ट डोम, २२०० ते २५०० च्या मधला फोर्थ ऑर्डर. माझा तोच वाजतोय, आणि आई चटईवरच बसते.