मांडवीतला कॅसिनो आणि कधीच न निघणारी गाडी

पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोत आमच्या मेहुण्याचे पैसे गेले, ते पत्त्यांवर कमी आणि लकी ड्रॉच्या नादात जास्त. दहा हजारांच्या चिप्स घेतल्या की एक कूपन, रात्री बाराला गाडीचा ड्रॉ. अट एकच, नंबर पुकारल्यावर दोन मिनिटांत समोर हजर पाहिजे. म्हणजे बारापर्यंत बोट सोडायची नाही, आणि तोवर बसून काय करणार? खेळणारच की.

आधी किरकोळ बक्षिसं. अँकरने बाह्या सरसावल्या, ड्रम फिरवला, पाच कूपनं काढली. ट्रॉली बॅग, मोबाइल वगैरे. पाचही जण हॉलमध्येच हजर! मग गाडीसाठी तीन कूपनं निघाली, तिन्ही गैरहजर. ‘बॅड लक, गाडी पुढच्या आठवड्यात!’

मी विचारलं, ‘ड्रममध्ये आजचीच कूपनं आहेत का?’

‘नाही सर, पूर्ण महिन्याची. सगळ्या बक्षिसांना सेम ड्रम.’

गोम इथेच आहे. मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, लॉटमधून नमुना काढणं हे रोजचंच. महिन्याची कूपनं आणि हजर फक्त आजचे लोक, तर एक कूपन हजर माणसाचं निघण्याची शक्यता साधारण ३० त १. तीन कूपनांत गाडी कोणालाच न लागण्याची शक्यता ९० टक्के. म्हणजे गाडी बहुतेक रात्री राहणारच, त्यात लबाडी करायचीही गरज नाही. पण मग त्याच ड्रममधून लागोपाठ पाच हजर माणसं? २ कोटी ४३ लाखांत १! रोज येणारे गिऱ्हाईक असतात म्हणून उदारपणे पाचातला एक हजर धरा, तरी ३,१२५ त १.

अर्थात आकडा विचित्र दिसला म्हणून चोरी सिद्ध होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लॉटरीत २४ एप्रिल १९८० ला ६६६ निघाला. तोही इतर कुठल्याही तीन आकड्यांसारखा हजारात एकच. पण ४ आणि ६ सोडून बाकीचे चेंडू आत रंग भरून जड केले होते, त्यामुळे निघू शकतील असे आठच नंबर उरले. भानगड उघडी पडली ती त्याच आठ नंबरांवर आधी लागलेल्या मोठ्या रकमांमुळे.

म्हणून आम्ही विजेत्यांची आणि त्यांच्या कूपन नंबरांची यादी मागितली. ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणाले. आता ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अशा बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागी लोकांपासून दडवणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीला १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण त्यासाठी कूपनाचा अर्धा भाग हातात लागतो. बोटीवर तो ड्रममध्ये टाकायला म्हणून अख्खाच काढून घेतात, तेव्हा टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि ड्रममध्ये किती दिवसांची कूपनं आहेत हे चिप्स घेण्याआधी काउंटरवर विचारा.