बाथरूममधली दांडी हातात आली, तरी आम्ही पैसे भरले

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी एकतीस वर्षं गेली. चेकवरचं नाव आणि बिलावरचं नाव एका अक्षरानं जुळलं नाही तरी मी फाईल शेरा मारून परत पाठवायचो. हे आधीच सांगतो, म्हणजे खालचं वाचताना ‘असं कसं कळलं नाही यांना’ असं कुणी म्हणायला नको. कळत होतं. तरी ज्येष्ठांच्या संकुलाच्या नावाखाली १४ लाखांना फसलो.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. जुनं, दुमजली, माडीवर जायला उभा लाकडी जिना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे गल्लीची काय गत झाली असेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तळघरासारख्या खालच्या खोल्या गेल्या, आम्ही माडीवर अडकलो. हिचे दोन्ही गुडघे गेलेले. तालमीच्या पोरांनी हिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला दोर बांधून जिन्यावरून खाली घेतलं. “काकू, खाली बगू नगासा, आमच्याकडं बगा.” २०२१ च्या जुलैत परत पूर, परत तीच खुर्ची. त्या दुसऱ्या वेळी ही नावेत बसली आणि हळूच म्हणाली, “अहो, आता या घरात माझ्यानं होणार नाही.”

मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला. दोघंही ‘या’ म्हणतात, मनापासून म्हणतात. पण पुण्याच्या दोन खोल्यांत नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली आपली वळकटी, हे हिला नको होतं आणि मलाही. आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. ज्या घरात लग्न झालं त्याच घरातून तिरडी निघायची. वृद्धाश्रम हा शब्द तर शिवी दिल्यासारखा. आता माझ्याच बरोबरीच्यांत बघतो: एकानं शिवाजी पेठेतलं घर विकून नागाळा पार्कात लिफ्टचा फ्लॅट घेतला, एक कळंब्याकडं तळमजल्यावर भाड्यानं राहतो, एक जोडपं पुण्याच्या ज्येष्ठांच्या संकुलात गेलं आणि तिथून रोज सकाळी बागेतले फोटो पाठवतं. ते फोटो बघून हिचा जीव खालीवर व्हायचा. आपल्याकडंही असं काही व्हावं, हे आमच्या मनात आधीच होतं. फसवणाऱ्यांना फक्त आमच्यासमोर यायचं होतं.

२०२३ च्या जूनमध्ये राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये मेळावा झाला. मोफत साखर, बीपी तपासणी, नंतर जेवण. पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला साडेतीन एकरांत ज्येष्ठांसाठी संकुल: मेस, डॉक्टर, भजनाचा हॉल, चालायला वाट, खोलीत घंटा. आम्हाला हाताळणारा पोरगा तिशीतला. आल्या आल्या पाया पडला. हिच्या गुडघ्यांची चौकशी माझ्यापेक्षा जास्त त्यानं केली. आणि एक वाक्य तो दर पाच मिनिटांनी बोलायचा, “काका, मुलांवर भार नको, एवढंच ना?” हो, एवढंच.

आठवड्यानं सॅम्पल फ्लॅट बघायला गाडी घरापर्यंत आली. पत्र्याच्या शेडमध्ये उभा केलेला एक खोली-किचन. छान रंगवलेला. ही बाथरूममध्ये गेली, कमोडजवळची स्टीलची दांडी धरून बसायला गेली आणि दांडी हातात आली. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावली होती, टेपचा पांढरा तुकडा टाईलवर तसाच लोंबत राहिला. पोरगा हसला, “काकू, सॅम्पल आहे, खरी दांडी खिळून बसणार.” आम्हीही हसलो. मी बाथरूमच्या दाराची रुंदी वितीनं मोजली. माझी वीत नऊ इंचांची. तीन विती आणि चार बोटं, म्हणजे अडीच फुटांच्या आसपास. व्हीलचेअर यातून कशी जाईल, असं मनात आलं आणि गेलं. पुढं २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली आणली, त्यात दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट हवं असं लिहिलंय. ते मी पैसे गेल्यावर वाचलं.

आता व्यवहाराकडं येतो, कारण खरी मेख तिथंच आहे. फ्लॅट विकायचाच नव्हता. १४ लाख ‘ठेव’ भरायची, मग दोघांनी मरेपर्यंत राहायचं. दोघंही गेल्यावर ठेव मुलांना परत. म्हटलं तर झकास. मी विचारलं, रेरा नंबर काय? उत्तर तयार होतं: “काका, ही विक्री नाही, आजीवन सभासदत्व आहे. विक्री नाही तर रेरा कशाला?” माहितीपत्रकावर मात्र ‘रेरा नोंदणीकृत समूह’ असं ठळक छापलेलं. रेरात समूहाची नोंदणी नसते, त्या त्या प्रकल्पाची असते. प्रकल्प टप्प्याटप्प्यानं असेल तर प्रत्येक टप्प्याची वेगळी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही, आणि नोंदवलेल्या कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. हे सगळं २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. ‘विक्री’ हा एक शब्द काढून ‘सभासदत्व’ लिहिलं, की हे सगळं आपल्याला लागूच नाही असं सांगायला ते मोकळे.

बँकेचं कर्ज मिळेल का, हेही विचारलं होतं. कर्ज घ्यायचं नव्हतं. बँकेच्या वकिलानं कागद तपासलेत का, ते कळावं म्हणून विचारलं. “या वयात कशाला कर्ज, काका!” मला ते आपुलकीचं वाटलं. आज तेच वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२ लाख बुकिंगला, ७ लाख करारावेळी, ५ लाख महिन्यानं. त्यासाठी पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं मोडलं. दोन वर्षं पुरी झाली नव्हती म्हणून दीड टक्का, २१,००० रुपये तिथंच कापले. ७.४ टक्क्यांनी दर तीन महिन्याला २५,९०० यायचे, ते बंद झाले. काउंटरवरच्या बाईनं “मुलांना विचारलंय ना?” असं विचारलं होतं. मी म्हटलं, हो. विचारलं नव्हतं. मेळाव्यातल्या त्या पोरानं सांगितलं होतं, ताबा मिळाल्यावरच सांगा, मुलांना सरप्राईज. शिवाय सांगितलं तर ते नको म्हणतील आणि इथं पहिल्या पन्नास सभासदांचा दर निघून जाईल.

चेक मागितला तो तिसऱ्याच नावानं, ‘व्यवस्थापन बघणारी फर्म’ म्हणून. पावती गुलाबी, तिच्यावर शिक्का आणखी वेगळा, पॅन नाही, जीएसटी नंबर नाही. ज्या माणसानं अशा कारणासाठी शेकडो बिलं परत पाठवली, त्यानं स्वतःची पावती घडी घालून पाकिटात ठेवली. करार शंभरच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. नोटरी म्हणजे सही तुम्हीच केली एवढाच पुरावा. दुय्यम निबंधकाकडं दस्त नोंदवला असता तर सूची क्रमांक २, म्हणजे व्यवहाराचा सरकारी उतारा, निघाली असती, नोंदवताना जमीन कुणाची हा प्रश्न तरी निघाला असता.

२०२४ च्या दिवाळीत ताबा मिळणार होता. दिवाळी गेली, फोन आधी लागायचा, मग ‘मीटिंगमध्ये आहे’, मग लागेनाच. मार्चमध्ये मी भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. शेड नव्हतं. सॅम्पल फ्लॅटच्या जागी गुडघाभर ऊस. बांधावर एक म्हातारा शेतकरी पाट बघत होता, त्याला विचारलं. “इसार दिलता, पुढचं पैसं कुटं दिलं? मग म्या लावला ऊस.” सातबारा तलाठ्याकडं न जाताही मोबाईलवर बघता येतो, त्यावर त्याचं, त्याच्या भावाचं आणि दोन बहिणींची नावं होती. जमीन शेतीचीच, बिनशेती झालेलीच नाही.

मुलाला सांगायला मला अकरा दिवस लागले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “बाबा, आईला माहितीय का?” एवढंच विचारलं. माहीत होतं, दांडी तिच्याच हातात आली होती.

वकिलांनी कागद बघून सांगितलं, “कागदावर तुम्ही घर घेणारे नाही, भाडेकरू नाही. तुम्ही ठेवीदार आहात.” ज्या शब्दानं आम्हाला अडकवलं तोच आता उपयोगी पडला. परत द्यायची किंवा सेवेच्या रूपात फेडायची ठेव घेऊन बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. आर्थिक गुन्हे शाखेत आम्ही नऊ जणांनी मिळून अर्ज दिला. पैसे आमचे २०२३ चे, म्हणून कलम जुनंच, ४२०. १ जुलै २०२४ पासून पैसे दिलेल्यांना नव्या न्याय संहितेचं ३१८ लागेल, असं तिथल्या फौजदारांनी समजावलं. जप्ती, लिलाव, वाटप याला किती वर्षं लागतील ते कुणी सांगत नाही. आमचं वय त्यांना दिसतंच.

सध्या आम्ही राजारामपुरीत भाड्यानं, लिफ्ट असलेल्या इमारतीत आहोत. पेठेतलं घर कुलूपबंद. गवंड्याला बोलावून बाथरूममध्ये दांडी बसवली, चार स्क्रू, भिंतीत तीन इंच आत. हिनं पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी ओढून बघितली, मग मला ओढायला लावली.

त्या मेळाव्याला दीडेकशे माणसं जेवली होती. अर्ज नऊ जणांचा. बाकीच्यांपैकी कितीतरी जण मुलांना सांगायच्या भीतीनं गप्प असणार, माझ्यासारखे. तशी गुलाबी पावती कपाटात असेल तर फाडू नका. मूळ पावती, नोटरीचा कागद, आणि चेक कुणाच्या नावावर वटला ते दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, तिन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद दाखवा, पण देताना पंचनाम्यावर घ्यायला लावा, आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.