पट साठवायचा की डाव? फेन विरुद्ध पीजीएन

बुद्धिबळपटू विदित गुजराथीच्या नाशकात बुद्धिबळाच्या क्लासला जाणाऱ्या पोरांच्या पालकांची एक ठरलेली तक्रार: काल सेव्ह केलेला पट आज उघडतच नाही. पुष्कळदा खोट प्रोग्राममध्ये नसते, साठवण्याच्या प्रकारात असते. असे दोन प्रकार म्हणजे फेन आणि पीजीएन.

फेन म्हणजे एका ओळीत अक्षरं-आकड्यांनी लिहिलेला पट. त्यात सहा भाग असतात: सोंगट्या, चाल कोणाची, कॅसलिंगचे (राजा-हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) हक्क, अँ पासाँचं घर (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला जाता जाता मारायचं घर), पन्नास चालींच्या नियमाची (तेवढ्यात काही मारलं नाही, प्यादंही हललं नाही तर बरोबरी) मोजणी आणि चालीचा क्रमांक. व्हॉट्सअॅपवरून कॉपी करताना बहुतेक वेळा पहिलाच भाग उचलला जातो. काही प्रोग्राम मग मुकाट्याने पांढऱ्याची चाल धरतात. काही सरळ नकार देतात. राजा-हत्ती जागेवर असूनही कॅसलिंग होत नसेल, तर आधी तिसरा भाग बघा. पहिल्या भागात प्रत्येक आडव्या रांगेतल्या सोंगट्या आणि रिकाम्या घरांची बेरीजही आठच भरायला हवी.

पीजीएनमध्ये सगळ्या चालींसकट अख्खा डाव असतो, त्यामुळे तीनदा आलेली स्थितीही (जिच्यावर बरोबरी मागता येते) ओळखता येते. फेनला मागचं काही आठवत नाही. पण डाव मधल्या स्थितीपासून सुरू केला असेल, तर पीजीएनमध्ये सेटअप आणि फेन हे दोन टॅग (चालींच्या आधी चौकटी कंसात लिहिलेल्या माहितीच्या ओळी) लागतात. ते गळाले की पहिलीच चाल बेकायदा ठरू शकते. खेळाडूंची नावं देवनागरीत लिहिली तर जुने प्रोग्राम त्यांचा चिवडा करतात (आपल्या कोंडाजीचा नव्हे).

कोड्यांच्या गृहपाठाला फेन पुरे. अर्धवट सोडलेला डाव मात्र मी पीजीएनमध्येच ठेवेन.