तीन मोगली: सुट्टीत मुलांना कोणता दाखवाल?

मे महिन्यात इंदूरच्या मराठी घरांत मामे-आते भावंडं जमली, की दुपारी खोलीत अंधार करून काहीतरी लावावं लागतं आणि बोलणं हमखास मोगलीवर येतं. येणारच. किपलिंगच्या ‘जंगल बुक’ या पुस्तकातल्या सिवनीच्या टेकड्या आपल्याच मध्य प्रदेशातल्या, आणि त्या घोळक्यातलं एखादं पोर तिथलं पेंचचं जंगल बघून आलेलं असतं. मोगलीची तिन्ही कार्टून रूपं, डिस्नेचं, रशियन आणि जपानी, परदेशी स्टुडिओंनी काढलेली. तेव्हा निवडताना मी दोनच गोष्टी बघते: आपला मुलूख कितपत ओळखू येतो आणि बायकांच्या वाट्याला काय आलंय.

डिस्नेचा मोगली १९६७ चा. जेमतेम सव्वा तासाचा, आणि गाणी अशी की पोरं जागची उठून नाचतात. पण सिवनीत ओरांगउटान कुठून आला? तो बोर्निओ-सुमात्राचा. मूळ पुस्तकात हा लुई राजा नाहीच. माणूस व्हायला आसुसलेला, जाझ गाणारा हा वानर कृष्णवर्णीयांची टिंगल करतो, असा आक्षेप अमेरिकेत वर्षानुवर्षं घेतला गेला आहे. आपल्या मुलांना ते कळणार नाही, ओरांगउटानचं मात्र पेंचवालं पोर विचारेल. बायकांचं म्हणाल तर हत्तीणबाई नवऱ्याला चार शब्द सुनावतात. शेवटी पाणी भरायला आलेली मुलगी गाते ते असं: बाबा शिकारीला, आई चुलीपाशी, मोठी झाले की मीही तिथेच.

त्याच वर्षी मॉस्कोत रोमान दाविदोव यांनी मोगली सुरू केला. १९७१ पर्यंत पाच भाग झाले, साधारण वीस-वीस मिनिटांचे. इथे काळा बिबट्या बघीरा मादी आहे! डौलदार, खोडकर आणि वेळ आली तर जिवावर उदार होणारी. पहिल्या भागाचं नावच ‘रक्षा’, म्हणजे लांडगीण आईचं. डिस्नेने खलनायक केलेला ‘का’ नावाचा अजगर इथे पुस्तकातल्यासारखा मित्र आहे. मोगली डोळ्यांदेखत मोठा होतो, आणि लढाई होते ती रानकुत्र्यांशी, जे पेंचमध्ये आजही आहेत. अडचण एकच, भाषा रशियन. सबटायटल्स वाचण्याचं वय नसेल, तर कुणीतरी शेजारी बसून मराठीत सांगायला हवं. आमच्याकडे हे काम आत्याकडे असतं आणि ती मूळ संवादांपेक्षा जास्त रंगवते.

जपानी मालिका आईबाबांच्या आठवणीतली. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. इंदूरच्या मुलांना हिंदी अंगणातलीच, त्यामुळे समजावत बसावं लागत नाही. मोगली पुढे गावात राहायला जातो, तेव्हा माणसांनाही जागा मिळते. पण भाग बावन्न, एका दुपारचं हे काम नाही.

सगळी पोरं सातच्या आतली असतील आणि हाताशी तास-दीड तासच असेल तर डिस्नेचा लावा, ओरांगउटानचं उत्तर तयार ठेवून. महिनाभर मुक्काम असेल तर जपानी. दहाच्या पुढच्यांना मी बिनदिक्कत रशियन दाखवीन, मुलग्यांना तर आधी. त्यातला चौथा भाग लढाईचा आहे, तेवढा लागला की धाकट्यांना आंबे खायला बाहेर काढा.